सीमा महाग, मुक्काम स्वस्त

‘वीस दिवस आहेत. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, सिंगापूर आणि जमलं तर बाली.’ सहलीबद्दल विचारायला येणारे बहुतेक जण अशीच यादी घेऊन येतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘लाखाच्या आत बसेल ना?’ बसेल. पण त्या यादीतले निम्मे देश खोडावे लागतील. हे ऐकून माणूस हिरमुसतो, कारण त्याला वाटतं की परदेशी जायचं म्हणजे विमानाचा खर्च होणारच आहे, तर मग जवळचे दोन देश आणखी का करू नयेत?

त्याचं उत्तर माझ्या खर्चाच्या वहीत आहे. २०२५च्या फेब्रुवारीत मी आणि माझी मावसबहीण चोवीस दिवस थायलंड, लाओस आणि व्हिएतनाममध्ये फिरलो. माणशी साधारण ९७ हजार रुपये लागले. त्यातले जाण्यायेण्याच्या विमानाचे २५ हजार, दोन व्हिसांचे साडेपाच हजारांच्या पुढे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे २० हजार. म्हणजे ५० हजार नुसते हलण्यात गेले. चोवीस दिवसांचं राहणं आणि खाणं मिळून मात्र ३० हजारांत झालं. बाकी देवळं-संग्रहालयांची तिकिटं, शहरातली वाहनं, विमा, सिमकार्ड. या देशांत राहणं-जेवणं स्वस्त आहे. पैसा जातो तो जागा बदलण्यात, आणि त्यातही सीमा ओलांडण्यात.

एक देश वाढवला की काय काय वाढतं ते मांडून बघा. व्हिसाची फी. सीमेवर किंवा विमानतळावर गेलेला निदान अर्धा दिवस, बहुतेक वेळा पूर्ण. नवं सिमकार्ड. नवं चलन आणि मागच्या देशाचं उरलेलं चलन. लाओसचे किप किंवा व्हिएतनामचे डाँग मुंबईत सहसा कोणी बदलून देत नाही. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा ३० डॉलरचा, व्हिएतनामचा एका प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, लाओसचा ४०च्या आसपास. तिन्ही केले तर साडेआठ हजार रुपये देशात पाऊल टाकण्याआधीच गेले. तेवढ्यात लाओसच्या लुआंग प्रबांगमध्ये डॉर्ममधली खाट घेऊन दहा-बारा रात्री निघतात. म्हणून माझा सल्ला एकच: आठवड्याला एक देश, त्याहून जास्त नाही.

दुसरं म्हणजे वाट एका रेषेत आखा आणि मागे फिरू नका. मुंबई-बँकॉक-मुंबई असं परतीचं तिकीट काढलं की ते स्वस्त दिसतं, पण मग शेवटी बँकॉकला परत यायचा खर्च आणि दिवस त्यात धरलेला नसतो. आम्ही जाताना मुंबई-बँकॉक आणि येताना हो ची मिन्ह सिटी-मुंबई अशी दोन वेगळी तिकिटं काढली. व्हिएतनामहून मुंबईला थेट विमान असल्यामुळे हे जमतं. मात्र अशा वेळी मुंबईच्या काउंटरवर ‘थायलंडमधून बाहेर कसं पडणार’ हा प्रश्न हमखास येतो. बँकॉकहून लाओसच्या व्हिएन्टिनचं रेल्वेतिकीट आणि शेवटच्या विमानाचं तिकीट, दोन्ही कागदावर छापून जवळ ठेवा. फोनमध्ये आहे म्हणून भागत नाही. नेमक्या त्याच वेळी बॅटरी उतरलेली असते.

भारतातून म्यानमारमार्गे रस्त्यानं थायलंडला जायचं स्वप्न अनेकांच्या मनात आहे. मणिपूरच्या मोरेहून थायलंडच्या माए सोतपर्यंतचा त्रिपक्षीय महामार्ग अजून पुरा झालेला नाही, आणि फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधली परिस्थिती बघता तो विचार सध्या बाजूला ठेवणंच बरं. एक विमान घ्यावंच लागतं. थायलंड आणि कंबोडियामधल्या जमिनीवरच्या सीमाही २०२५च्या जून-जुलैपासून लष्करी संघर्षामुळे बंद झाल्या. जुन्या पुस्तकांत ‘बँकॉकहून बसनं अंकोरला’ असा मार्ग दिलेला असतो, तो धरून तिकिटं काढू नका. निघण्यापूर्वी सीमेची स्थिती पाहा. कंबोडिया करायचाच असेल तर हो ची मिन्ह सिटीहून बसनं मोक बाई-बावेतच्या नाक्यावरून नोम पेन्हला जाणं सोपं पडतं. सहा-सात तासांचा प्रवास आहे.

आता व्हिसा. थायलंडनं जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सोय दिली. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची दिली. हे नियम सरकारी निर्णयावर चालतात आणि एका पत्रकानं बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. थायलंडला १ मे २०२५ पासून येण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात सगळ्यात वर दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. व्हिएतनामच्या ई-व्हिसाचंही तेच. सरकारी फी २५ डॉलर, त्याच्यावर जे मागतात ते दलालाचं.

व्हिएतनामचा अर्ज मात्र शांत बसून भरा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात. पासपोर्टावर पहिली दोन पदं ‘दिलेलं नाव’ या एका ओळीत येतात आणि आडनाव वेगळ्या ओळीत. माझ्या बहिणीनं अर्जात नवऱ्याचं नाव गाळलं, कारण विमानाच्या तिकिटावरही ते नव्हतं. व्हिसा हातात आला आणि पासपोर्टाशी ताडून पाहिला तेव्हा ते लक्षात आलं. भरलेली फी परत मिळत नाही, सरळ नवा अर्ज आणि पुन्हा २५ डॉलर. पासपोर्टाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात नाव जसं आहे तसंच्या तसं व्हिसावर आणि तिकिटावर, दोन्हीकडे लिहा. त्याच अर्जात तुम्ही कुठल्या नाक्यावरून आत येणार तेही विचारतात. हनोई विमानतळ लिहून आयत्या वेळी लाओसच्या बसनं गेलात तर सीमेवर अडवू शकतात. म्हणून आधी वाट पक्की करा, मग अर्ज. पासपोर्टाला परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत हवी, आणि कोरी पानं मोजून घ्या. लाओस आणि कंबोडियाचा व्हिसा पूर्ण पानभर चिकटवतात.

कधी जायचं हे आपण शाळेच्या आणि ऑफिसच्या सुट्टीवरून ठरवतो, आणि तिथेच फसतो. दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा थायलंडमधला पाऊस ओसरत आलेला असतो, पण मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे हुए, दा नांग, होई आनला, नेमका जोर धरतो. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत त्या दिवसांत पाणी शिरणं नवं नाही. दिवाळीत जायचं तर थायलंड आणि उत्तर व्हिएतनाम करा, मध्य भाग सोडून द्या. मे महिन्याची सुट्टी धरली तर उकाड्याची तयारी ठेवा. आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चियांग माय आणि उत्तर लाओसमध्ये शेतं-रानं जाळल्याचा धूर साठतो, दम्याच्या माणसानं तेव्हा तिकडे जाऊ नये. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगले, म्हणूनच महागही. एक तारीख मात्र कॅलेंडरवर लाल करा: व्हिएतनामी नववर्ष, तेत. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात सारा देश गावी निघालेला असतो, रेल्वेची तिकिटं संपलेली असतात आणि खाणावळी बंद. गणपतीला मुंबईहून कोकणात जायची गाडी मिळवताना जे होतं, तेच तिथे. आम्ही तेत उलटून गेल्यावर गेलो.

बँकॉकहून व्हिएन्टिनला जुलै २०२४ पासून थेट रात्रीची रेल्वे आहे. क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून रात्री सुटते. शयनयानाचं तिकीट हजार बातच्या आत मिळालं, आणि हॉटेलची एक रात्र वाचली ती वेगळीच. सकाळी नाँग खाईला सगळ्यांना खाली उतरवतात, थायलंडचा शिक्का मारतात आणि गाडी मेकाँगवरच्या मैत्री पुलावरून पलीकडे जाते. पूल १९९४चा, एकाच पुलावर रस्ता आणि रूळ. गाडी पुलावर आली तेव्हा मोटारींना थोपवून धरलं होतं, आणि नदीवर इतकं धुकं होतं की अर्ध्यावर पोचल्यावर दोन्ही काठ दिसेनासे झाले. शिक्का-व्हिसाच्या रांगेत लाओसच्या बाजूला तास जातो. तिथे रोख डॉलर हवेत आणि ते कोरे हवेत.

व्हिएन्टिनमध्ये एक दिवस पुरतो. पुढे लुआंग प्रबांगला डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली लाओस-चीन रेल्वे आहे. पूर्वी बसनं डोंगरातून आख्खा दिवस जायचा तो प्रवास आता दोन तासांत होतो. तिचं स्थानक शहराबाहेर, तुम्ही थायलंडहून आलात त्या स्थानकापासून वेगळं. आत शिरताना विमानतळासारखी तपासणी असते. चाकू, कात्री, डासांचा फवारा काढून घेतात. फळं चिरायला म्हणून घेतलेली माझी छोटी सुरी तिथेच राहिली.

ज्यांना वेळ आहे त्यांनी थायलंडच्या चियांग खाँगहून सीमा ओलांडून लाओसमधल्या हुआय साईहून लुआंग प्रबांगला जाणारी दोन दिवसांची संथ बोट घ्यावी, वाटेत पाकबेंगला मुक्काम. ती स्वस्तही आहे. आमच्याकडे दिवस नव्हते.

लुआंग प्रबांगमध्ये आम्ही पाच दिवस राहिलो आणि हे पाच दिवस सबंध सहलीत सगळ्यात स्वस्त पडले. तिथे करायला म्हणून फार काही लागत नाही. पहाटे भिक्खूंची रांग भिक्षेला निघते. लांबून, चपला काढून, कॅमेरा खाली ठेवून बघायची. दिवसभर मेकाँगचा काठ. मुक्काम लांबवला की घरमालक स्वतःहून भाडं कमी करतो. हे मी जवळजवळ सगळीकडे पाहिलं: पहिल्या रात्रीचे पैसे देऊन खोली बघायची आणि मग चार रात्रींचा भाव विचारायचा.

तिथून हनोईला बसनं चोवीस तासांहून अधिक लागतात, विमानानं साधारण एक तास. माणशी आठ हजार जास्त गेले तरी आम्ही विमान घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही. डोंगरातल्या रात्रीच्या बसमध्ये एक रात्र आणि नंतरचा थकलेला दिवस असे दोन दिवस जातात; दोन दिवसांचा राहण्या-खाण्याचा खर्च धरला तर फरक थोडा कमीच होतो. काटकसर करताना कुठे सोडायचं हेही ठरवून ठेवावं लागतं.

व्हिएतनाममध्ये मात्र रेल्वेच घ्या. हनोई ते सायगाव १,७२६ किलोमीटरचा रूळ आहे आणि तो टप्प्याटप्प्यानं करता येतो. सायगाव म्हणजेच हो ची मिन्ह सिटी. स्थानकाचं नाव अजून सायगावच. हनोईहून रात्री बसलं की सकाळी हुए. हुए ते दा नांग हा तीनेक तासांचा तुकडा दिवसा करा आणि डाव्या खिडकीची जागा मागून घ्या. हाय वान घाटात रूळ डोंगराच्या कडेनं जातात आणि खाली समुद्र. या एका तिकिटाचे पैसे शंभर टक्के वसूल होतात.

पैशांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे गळती सर्वांत जास्त. भारतातलं साधं डेबिट कार्ड परदेशात वापरलं की बँका बहुधा तीन ते साडेतीन टक्के वरती लावतात. थायलंडच्या एटीएमला परदेशी कार्डासाठी दर खेपेला दोनशेहून जास्त बात जातात, मग तुम्ही हजार काढा की वीस हजार. त्यामुळे थोडे थोडे काढू नका. परकी चलनावर जादा शुल्क न घेणारं एक कार्ड आणि माणशी तीन-चारशे कोरे डॉलर, असे आम्ही नेले. एटीएम किंवा दुकानाचं यंत्र ‘रुपयांत कापू का’ असं विचारतं तेव्हा नेहमी नाही म्हणायचं आणि तिथल्या चलनात कापायला सांगायचं. रुपयांचा पर्याय घेतला की दर त्यांच्या मनाचा लागतो. कंबोडियात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, पण नोटेला बारीकशी चीर असली तरी परत करतात.

आणि व्हिएतनामच्या नोटा. हनोईत पहिल्याच सकाळी एका आजीबाईंकडे फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या ठेंगण्या स्टुलावर बसून आम्ही चिकट भात खाल्ला. २० हजार डाँग झाले. मी निळी नोट दिली आणि उठले. आजीबाईंनी माझं मनगट धरलं, परत खाली बसवलं आणि माझी नोट व त्यांच्या गल्ल्यातली एक नोट मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. एकीच्या मागे होई आनचा छपराचा पूल, दुसरीच्या मागे झाडांतलं घर. पुलाची २० हजारांची, म्हणजे आपले सत्तर रुपये. घराची ५ लाखांची, म्हणजे सतराशेच्या आसपास. मी घराची दिली होती. त्या दिवसापासून ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात गेल्या. हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं, साधारण रुपये निघतात. तिथले लोक स्वतःही ती तीन शून्यं बोलताना गाळतात.

शाकाहारी लोकांना सगळ्यात धास्ती खाण्याची वाटते. त्यांना दोन शब्द पुरतात. थायलंडमध्ये ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हा शब्द लिहितात आणि तो इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखा दिसतो. तिथे मांस, मासळी, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास थायलंडमध्ये नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो, तेव्हा तर गल्लोगल्ली या पाट्या लागतात. व्हिएतनामचा शब्द ‘चाय’. आपल्याला चहा आठवतो, त्यांना शाकाहार. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी तिथले बौद्ध घरी-दारी शाकाहारी जेवतात, आणि एरवी कोपऱ्यात असलेल्या ‘क्वान चाय’ खाणावळी त्या दिवशी भरून वाहतात. भात, दोन भाज्या, टोफू आणि सूप दीडशे रुपयांच्या आत. मात्र साध्या खाणावळीत भाजी मागितली तर तिच्यात माशाचं आंबवलेलं पाणी, न्युक माम, असतंच, ते न सांगता घालतात. ‘न्युक माम नको’ हे कागदावर त्यांच्या भाषेत लिहून न्या.

घरून मेतकूट, दाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी आणि पातळ पोह्यांचा चिवडा न्या. साधा भात जगात कुठेही मिळतो आणि त्यावर मेतकूट पडलं की जेवण होतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नका, खोबऱ्याला तेल असल्यामुळे भारतातल्या विमानतळांवर ते काढून ठेवतात. स्वस्त विमानकंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोच देतात आणि काउंटरवर वजन करतात. चोवीस दिवसांना कपड्यांचे चार जोड भरपूर झाले, किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं प्रत्येक गल्लीत आहेत.

अंकोरबद्दल एक. कंबोडिया करत असाल तर तिथे पैसे वाचवू नका. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, आणि ते तीन दिवस दहा दिवसांत केव्हाही वापरता येतात. संध्याकाळी पाचनंतर उद्याचं तिकीट घेतलं तर आजचा सूर्यास्त त्यातच बघू देतात. सूर्यवर्मन दुसऱ्यानं बाराव्या शतकात बांधलेल्या देवळातलं समुद्रमंथनाचं कोरीवकाम घाईनं बघून निघण्यापेक्षा तो देश पुढच्या खेपेला ठेवा. आम्ही तेच केलं.

मोटारसायकल भाड्यानं घेण्याआधी थांबा. आपल्या आरटीओत १,००० रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या कराराखालचा असतो. थायलंडमध्ये तो चालतो, व्हिएतनाममध्ये चालत नाही, कारण तो देश १९६८च्या करारात आहे. दुकानदार गाडी हसत देतो. पण अपघात झाला तर परवाना ग्राह्य नाही म्हणून विमा कंपनी हात वर करते, आणि मोडलेल्या पायाचा खर्च सबंध सहलीच्या कितीतरी पट होतो. विमा काढा आणि त्यातलं दुचाकीबद्दलचं कलम वाचून काढा.

तरुण वाचकांना हेही सांगायला हवं. बँकॉकमध्ये किंवा फोनवर कोणी कंबोडिया-म्यानमारमध्ये चांगल्या पगाराच्या संगणकावरच्या नोकरीचं, फुकट तिकिटाचं आमिष दाखवलं तर तिथेच संभाषण थांबवा. अशा बोलावण्यांतून आपली मुलं म्यानमारमधल्या म्यावाडीसारख्या ठिकाणच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली आहेत आणि सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं आहे.

तयारीचा क्रम असा ठेवा: तीन महिने आधी वाट आणि विमानाची तिकिटं, महिनाभर आधी व्हिएतनामचा व्हिसा, रेल्वेची तिकिटं विक्रीला येताच. राहण्याची फक्त पहिल्या दोन-तीन रात्रींची सोय आधी करा. शेवटच्या दिवशी सायगावमध्ये पाकिटातले डाँग मोजा. विमानतळावर जाण्यापुरते बाजूला काढून उरलेल्याची कॉफी आणि ती गाळायचं पत्र्याचं फिन घेतलं की हिशेब शून्यावर येतो. आमच्याकडे शेवटी पुलाची एक नोट उरली होती. ती वहीत चिकटवली आहे.